अक्कानं चुट्टा कशासाठी सोडला

आमची थोरली जाऊ गौरम्मा चुट्टा ओढायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी "अगं माय, बाईमाणूस आणि चुट्टा!" म्हणून तोंडाला पदर लावायला नको. लातूरच्या गंजबाजारात तेव्हा सगळ्यांनी लावून झालाय तो पदर. निजामाचं राज्य होतं, तिकडं कुठं मोठी लढाई चालली होती, घासलेट मिळत नव्हतं. पण आमच्या गल्लीतल्या बायकांना फिकीर कशाची? तर मन्मथप्पा दुकानदाराची बायको चुट्टा ओढते, याची.

मी धाकटी जाऊ, नीलाबाई. मन्मथप्पा म्हणजे माझे मोठे भाऊजी. पुढं किराणा-भुसाराचं दुकान, मागं घर, असा दोघा भावांचा एकत्र कारभार. लग्न होऊन आले तेव्हा मी गौरम्माला "तुमी, तुमी" करायचे. आठ दिवस तिनं ऐकून घेतलं आणि मग दटावलं, "ए, मी काय तहसीलदार हाय का? अक्का म्हण, आणि तू म्हण." तेव्हापासून ती अक्का.

अक्का देगलूरकडची. तिकडं बोलणं अर्धं मराठी, अर्धं तेलगू, आणि बाईनं चुट्टा ओढला तर कुणी वळूनसुद्धा बघत न्हाई. चुट्टा म्हणजे तंबाखूच्या पानाचीच बोटाएवढी जाड गुंडाळी. विडी त्याच्यापुढं लेकरू. अक्काचं पहिलं मूल पोटातच गेलं, पोटात कळा धरल्या, तेव्हा तिच्या अव्वानं, म्हणजे आईनंच, पेटवून हातात दिला. म्हणाली, ओढ, वारा सरतो. वारा सरला का न्हाई देव जाणे, चुट्टा मात्र मुक्कामाला राहिला. पुढं अव्वा वारली. मग भाऊ बाजारच्या गाडीबरोबर चुट्ट्यांची जुडी पाठवायचा. लोकींच्या बायकांना माहेराहून लुगडं येतं, हिला तंबाखू! जुडी आली की अक्का आधी ती मांडीवर घेऊन नुसती बसायची. भाऊ कसा हाय, आंब्याला मोहर आला का, असं गाडीवाल्याला विचारायची, आणि मग सुतळी सोडायची. मी चिडवायचे, "अक्का, माहेर जाळून जाळून खातीस बग तू." ती हसायची, आणि हसता हसता खोकायला लागायची.

आधी तो खोकला सकाळचा होता. मग दिवसभराचा झाला. मग अशी वेळ आली की आडावरनं घागर आणली की बाई उंबऱ्यातच बसायची, एक हात चौकटीला, मान खाली, आणि छातीतनं शिट्टी वाजायची. बोलायला गेली तर दोन शब्दांत दम संपायचा. भाऊजी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, सोबत मी. डॉक्टर हैदराबादचा होता. नळी लावून लई वेळ ऐकत बसला. मग म्हणाला, "अम्मा, दिक नई है." दिक म्हणजे क्षय. आम्ही हुश्श केलं. तर पुढं म्हणतो, "मगर फेफडे खराब हो गए. गया सो गया, वो वापस नई आता. चुट्टा छोडे तो बाकी का बचेगा."

अक्का "हाव जी" म्हणाली. मोठ्या शहाण्यासारखी मान हलवली, औषधाची बाटली घेतली, बाहेर आली, आणि दवाखान्याच्या भिंतीआड जाऊन चुट्टा पेटवला. मी कपाळावर हात मारला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात न्हाई म्हणतात, ते काय खोटं हाय?

भाऊजींनी समजावलं, रागावले, एकदा जुडी आडात टाकली. दोन दिवस अक्का जेवली न्हाई आणि सगळं घर आडाचं पाणी पिताना तोंड वाकडं करून राहिलं. त्यानंतर त्यांनी नाद सोडला.

आता संगम्माचं सांगते. अक्काची लेकरं जगली न्हाईत. पोटात गेलं ते सोडा, पण पुढची तीन मांडीवर खेळून गेली. कुणी महिन्याचं, कुणी चार महिन्यांचं. एकटी संगम्मा तेवढी राहिली. अक्काचा सगळा जीव त्या एका पोरीत. तिला लोह्याला दिली, कापडदुकानवाल्यांच्या घरात. जावई सिद्धेश्वर गरीब स्वभावाचे, पण घरात चालायचं ते त्यांच्या आईचं, नागम्माविहिणीचं. लग्न झाल्यापासून पोर सणाला म्हणून दोनदा काय ती आली. लोहा काही विलायतेत न्हाई, पण त्या वक्ताला अहमदपूरपर्यंत छकडा आणि पुढं मोटार मिळाली तर मिळाली. अक्काला तर गल्लीच्या टोकापर्यंत चालवत नव्हतं, ती कुठली जाती लेकीला बघायला! संगम्माची बारीक चोळी होती लहानपणची, ती उशाखाली घेऊन झोपायची. कुणाला सांगायची न्हाई. मला गादी झटकताना दिसली.

आणि पोरीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच. अक्कानं त्याच दिवशी जुनी लुगडी फाडून दुपटी शिवायला घेतली. तर एक दिवस लोह्याचे कापसाचे व्यापारी धोंडप्पा दुकानात आले. चहा पिता पिता भाऊजींना म्हणाले, "नागम्मांनी निरोप दिलाय. तुमच्या मंडळींना छातीचं दुखणं हाय म्हणतात, चुट्टापण चालू हाय. क्षय असला तर लेकराला लागेल. बाळंतपण लोह्यालाच करू म्हणाल्या."

दाराआड अक्का उभी होती. हातात सुई-दोरा तसाच.

ती आत गेली. फळीवरची नवी जुडी घेतली, मागच्या दाराला आली. तिथं आमचा हमाल दगडोबा पोत्यावर बसला होता. त्याच्या मांडीवर जुडी ठेवली आणि म्हणाली, "घे. तुला झाली." दगडोबा येड्यासारखा बघत राहिला. मग माझ्याकडं वळून अक्का म्हणाली, "नीला, भाऊजींना म्हणावं," म्हणजे माझ्या मालकांना, "लोह्याला जाऊन सांगा. गौरम्मानं चुट्टा सोडला. माझी पोर पाठवा."

"अक्का," मी म्हणाले, "सोडला म्हणायच्या आधी सोडावा लागतो गं."

"सोडला," ती म्हणाली.

नागम्माविहिणीचा उलट निरोप आला की पोरीला सातवा लागला की मी स्वतः येते, बघते, मग ठरवते. म्हणजे परीक्षाच की!

ते दिवस मी बघितलेत. कुणी म्हणत असेल की सोडला म्हणजे सुटला, त्यानं अक्काकडं बघायला पाहिजे होतं. भाकरी थापता थापता चिडायची, परात ढकलायची. आणि खोकला कमी व्हायचा तर उलटा वाढला! काळा काळा कफ पडायचा. मी तर म्हणाले, ह्याच्यापेक्षा ओढत होती तेच बरं होतं. डॉक्टर म्हणाला, साफ होऊन राहिलंय, होऊ दे. चुलीचा धूर तिला आता सोसेना, म्हणून चूल आली माझ्या गळ्यात. लेक हिची यायची आणि डोळे माझे चुरचुरायचे! पण बोलून कुणाला सांगता.

दगडोबाला तिनं जुडी दिली खरी, पण तो मागच्या दारी ओढत बसला की अक्काला नेमकं तिथंच काम निघायचं. कधी खराटा घेऊन जायची, कधी नुसतीच जायची. वाऱ्याच्या बाजूला उभी राहायची. एक दिवस मी पाठीमागून जाऊन म्हणाले, "काय गं, फुकटचा वाटा घेतीस का?" दगडोबा बिचारा लाजला. तेव्हापासून तो चुट्टा ओढायला रस्त्यापल्याड जायला लागला. अक्कानं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

एकदा मात्र मी तिला गोठ्यात पकडली. म्हशीआड बसली होती, तोंडात चुट्टा. माझं रक्त उसळलं. "अक्का, इतके दिवस केलं ते पाण्यात घातलंस का?" तिनं तो तोंडातनं काढून माझ्यापुढं धरला. पेटवलेला नव्हता. डोळ्यांतनं पाणी वाहून राहिलेलं. म्हणाली, "अव्वाची याद येऊन राहिली गं. शेतातनं यायची, मला जवळ घ्यायची, तेव्हा असाच वास यायचा तिला. हा सोडला की मला अव्वा न्हाई, देगलूर न्हाई, काहीच न्हाई. एक पोर हाय, ती तिकडं." मी पण माहेर सोडूनच आले होते. तिच्याजवळ शेणातच बसले आणि दोघी रडलो. मग तिनं तो चुट्टा कुस्करून शेणात टाकला.

नागम्माविहीण आल्या. अंगानं भरभक्कम, कपाळाला ठसठशीत विभूती. पाटावर बसल्या आणि घर असं बघायला लागल्या की जणू विकत घ्यायचंय. अक्कानं गालात लवंग धरली होती. दम कोंडून, हसू आणून बसली. मी गुळाचा चहा दिला, लोह्याच्या पावसापाण्याचं विचारलं, बोलणं लांबवायला लागले. पण खोकला म्हणजे काय पाहुणा हाय का, थांब म्हटलं की ओट्यावर थांबायला? आला तो असा आला की लवंग उडून विहिणीच्या पाटाजवळ पडली. अक्का भिंत धरून खोकत राहिली. विहिणीचा चेहरा दगड. मला वाटलं, झालं, बुडालो.

आम्ही लिंगायत. दम आल्यावर अक्कानं गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढलं, तळहातावर घेतलं. म्हणाली, "ह्याला हातात धरून सांगते, विहीणबाई. त्या दिवसापासून चुट्टा पेटवला न्हाई. खोकला हाय. तो माझ्याबरोबरच जाईल. पण क्षय न्हाई, डॉक्टरला इचारा. माझी एकच पोर हाय. तिच्या उशाशी मला बसू द्या."

विहीण एकदम आवाज खाली आणून विचारतात काय, "लई अवघड गेलं का हो?"

"रोज जातंय," अक्का म्हणाली.

"आमच्या मालकांनी कपिलधारच्या यात्रेला जाऊन चिलीम सोडायची शपथ घेतली होती," विहीण म्हणाल्या. "परतीच्या वाटेतच पेटवली. गावसुद्धा आलं नव्हतं." आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मग उठता उठता म्हणाल्या, "पाठवते पोरीला."

संगम्मा आली, मार्गशीर्षात बाळंत झाली. मुलगी. कळा देताना तिचं डोकं अक्काच्याच मांडीवर होतं. सुईणीनं लेकरू वर उचललं, रडलं, आम्ही सगळ्या हसलो. अक्काला एक इवली मूठ तेवढी दिसली. कारण तेवढ्यात आमच्यातल्याच एका म्हातारीनं शेगडी आणून बाजेखाली सारली. पेटलेल्या गोवऱ्या, त्यावर ओवा, शेपा, लसणाच्या साली. दार लावलं. खिडकीत तर आधीच दुकानातली गोणपाटं कोंबून ठेवली होती, वारा यायला नको म्हणून. आमच्यात विटाळ-सोयर पाळत न्हाईत, आमचा पुजारी जंगम येऊन पहिल्या दिवसांतच लेकराला लिंग बांधून जातो. पण वाऱ्याचं भ्या मात्र असं की बाळंतिणीच्या खोलीत माशीनं शिरायचं तर तिनं आधी इचारून यावं.

खोली धुरानं भरली. अक्काचा श्वास अडकला. हात लांब केले होते लेकरू घ्यायला, ते तसेच राहिले आणि बाई खाली बसली. ओठ काळे-निळे. आम्ही तिला उचलून अंगणात आणलं.

आता हे आधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं का, म्हणून तुम्ही इचाराल. न्हाई आलं. चुट्ट्याचा धूर वाईट, चुलीचा धूर त्रासाचा, पण शेगडीचा धूर म्हणजे औषध! ओव्या-शेप्याच्या धुरानं कुणाचं वाईट होतं का? आमच्या आज्या-पणज्या त्याच धुरात जन्मल्या. अक्का स्वतःसुद्धा दुसऱ्या दिवशी तेच म्हणाली, आणि नाकाला ओला पदर बांधून पुन्हा आत गेली. पुन्हा तेच. ह्या वेळी भाऊजी असे ओरडले की दुकानातली गिऱ्हाइकं आत डोकावली. आगीतून उठून फुफाट्यात, दुसरं काय!

मग अक्का खोलीच्या भिंतीला बाहेरून टेकून बसायला लागली. आत लेक, बाहेर आई. लेकरू रडलं की हिची मान वळायची. "नीला, नाक कसं हाय गं?" "नकटं हाय, तुझ्यासारखं." "आणि डोळे?" "मिटलेले हायेत, उघडले की सांगते." "कशी झोपती? मुठी मिटून का?" रोज तेच तेच. संगम्मा आतून हाक मारायची, "अव्वा, ये की गं." आणि ही बाहेरून म्हणायची, "आले, आले, थोडा दम येऊ दे." जसं काही भाजी फोडणीला टाकूनच येणार होती.

संगम्मा म्हणाली, काढा ती शेगडी. तर सगळ्यात आधी ओरडली कोण? अक्काच. "खबरदार! शेगडी हलवली तर माझ्या गळ्याची शपथ हाय. माझी तीन गेली ती वाऱ्यानंच गेली. शेक कमी पडला त्यांना." पोरगी आत रडायची, ही बाहेर. आणि मी मधल्या दारात उभी, दोघींवर चिडायची. ज्या लेकरासाठी बाईनं आईची आठवणसुद्धा शेणात टाकली, ते लेकरू एका भिंतीपल्याड, आणि तिला बोट लावता येईना.

अशात लोह्याहून निरोप आला. संगम्माला संक्रांतीच्या आधी न्यायला येतो, उद्या इकडून गाडी निघेल.

अक्का त्यानंतर फार वर्षं न्हाई जगली. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, ते काही तिनं बघितलं न्हाई. छातीतली शिट्टी शेवटपर्यंत होती. पण चुट्टा पुन्हा धरला न्हाई, भावाच्या घरी गेली तेव्हासुद्धा. डॉक्टर म्हणाला होता तसं, गेलं ते गेलं, उरलं तेवढं तिनं जपून वापरलं. पण मला तिची आठवण येते ती त्या निरोपाच्या दिवसाची.

दुपार होती. पौषातलं ऊन अंगणभर पडलेलं. अक्का घोंगडीवर बसून तीळ निवडून राहिलेली, संगम्माबरोबर लाडू द्यायचे म्हणून. हात तिळात, कान भिंतीत. तेवढ्यात खोलीचं दार धाडकन उघडलं. संगम्मा बाहेर आली! डोक्याला शाल गुंडाळलेली, हातात लेकरू. म्हाताऱ्या ओरडल्या, "अगं बया, वारा लागेल! आत हो!" मी पण ओरडले, खोटं कशाला बोलू. अक्का तर हात वर करून "मागं फिर, मागं फिर" करायला लागली.

पोरगी थांबली न्हाई. सरळ येऊन आईजवळ उन्हात बसली. म्हणाली, "शेकच पाहिजे ना तुम्हाला? मग हे ऊन काय फुकट चाललंय? ह्याला धूर न्हाई." आणि लेकरू अक्काच्या मांडीवर ठेवलं.

अक्कानं हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले. लेकराकडं बघत बसली. मग वाकली, त्याच्या टाळूवर तोंड ठेवलं, आणि वर उठेचना. मला वाटलं, दम लागला. मी धावले. "अक्का, अक्का!"

तिनं मान वर केली. चेहरा सगळा ओला. "नीला," म्हणाली, "लेकराच्या टाळूला वास येतो गं."

"येतोच की. सगळ्याच लेकरांच्या येतो."

"मला ठाऊक नव्हतं." थोडा दम घेतला. "चुट्ट्यानं नाकच मेलं होतं माझं. आता कुठं आलंय. चार लेकरं झाली ह्या मांडीवर. तीन गेली. त्यांचा वास कसा होता, मला सांगता यायचं न्हाई. मी घेतलाच न्हाई गं."

संगम्मानं डोक्याची शाल सोडली. तेलानं चपचपीत केस, बाळंतिणीचे, विस्कटलेले. ती आईपुढं वाकली आणि लहान पोरीसारखं डोकं तिच्या तोंडाजवळ नेलं.

"माझा घे की, अव्वा," म्हणाली. "मी हाय की."

अक्कानं एका हातानं नात सांभाळली, दुसऱ्या हातानं लेकीचं डोकं जवळ ओढलं, आणि लई वेळ सोडलं न्हाई.